दोन फुटी टँकमध्ये कोण कोणाशेजारी राहील

माशांचा दोन फुटी टँक म्हणजे चोवीस इंच लांब, बारा रुंद, बारा उंच. मोजून ५६ लिटरचं भांडं. तळाला खडे, कोपऱ्यात फिल्टर, वर दोन-तीन बोटं रिकामी जागा, एवढं वजा केलं की खरं पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. आंघोळीच्या तीन बादल्या. एवढ्या पाण्यात कुठलाकुठला मासा आयुष्यभर राहायचा आहे, हे दुकानात उभं असताना कोणाच्या डोक्यात नसतं.

मी पुण्यात घरातले आणि दवाखान्यातले टँक सांभाळते. पाणी बदलणं, फिल्टर धुणं, कोण मेलं आणि का मेलं ते बघणं, हे माझं रोजचं काम. बोलावणं येतं तेव्हा तक्रार ठरलेली असते: "ताई, फिल्टर चांगला आहे, खाणं वेळेवर घालतो, तरी मासे टिकत नाहीत." टँकपाशी गेलं की एक जोडी गप्पी, एक जोडी मॉली, एक जोडी निऑन, एक जोडी एंजल, एक गोल्डफिश, दोन "शार्क" आणि काचेला चिकटलेला एक सकर. सात जाती, बारा मासे, तीन बादल्या पाणी. फिल्टर बिचारा काय करणार?

म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकते. जाती दोन, फार तर तीन. प्रत्येक जातीचे मासे मात्र भरपूर. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

जोडीचा घोळ

आपल्याकडे मासे जोडीवर विकतात. भावच जोडीचा सांगतात. त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं की एक नर, एक मादी, झाला संसार. पण निऑन टेट्रा, झेब्रा, रासबोरा, कॉरिडोरस हे थव्याने राहणारे मासे. दोनच ठेवले की दिवसभर झाडामागे नाहीतर हीटरच्या आड लपून राहतात, रंग उतरतो, खाण्याला वर येत नाहीत. बार्बसारखे जे थोडे भांडखोर असतात, त्यांचं उलटं होतं. आपापसात पळापळी करायला सोबती नसले की ते शेजाऱ्याच्या शेपटीला लागतात. सहा ही किमान संख्या धरा, आठ-दहा असतील तर उत्तम. दुकानदाराला सरळ सांगा, "दादा, एकाच जातीचे आठ द्या." तो आधी चमकतो, मग भावही थोडा कमी करतो.

जोडी घेऊन खरोखर गोंधळ होतो तो गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं घालणाऱ्या माशांत. एक नर आणि एक मादी ठेवली की नर तिला दिवसभर सोडत नाही. ती कोपऱ्यात दमून पडते. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. मग महिन्याभराने पिल्लं येतात, एका वेळी वीस-तीसही येतात, आणि मादीने नराचं बीज साठवून ठेवलेलं असल्यामुळे नर काढून टाकला तरी पुढचे काही महिने पिल्लं येतच राहतात. मुलांना पहिल्यांदा गंमत वाटते. नंतर "ताई, पिल्लं हवीत का कोणाला?" असे फोन मला येतात. त्यापेक्षा लहान टँकमध्ये नुसते नर गप्पी ठेवावेत. रंग त्यांच्याच शेपटीला असतात, संख्या वाढत नाही, भांडणं किरकोळ.

आधी नळाचं पाणी बघा

मासे निवडायची सुरुवात दुकानात होत नाही, तुमच्या नळापाशी होते. पुण्यातच दोन प्रकारचं पाणी आहे. पेठा, कोथरूड, कर्वेनगर भागात खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं. ते मऊ आहे, माझ्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा सहसा शंभरच्या अलीकडे-पलीकडे असतो. वाघोली, उंड्रीकडे अनेक सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात. तिथे तोच मीटर पाचशे-सातशे दाखवतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचं तलावाचं पाणी, तेही मऊच. मीटर नसेल तर गिझरची कॉइल किंवा चहाचं पातेलं बघा. पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे.

मऊ पाण्यात निऑन, कार्डिनल, बाकीचे टेट्रा, रासबोरा, कॉरिडोरस, हनी गोरामी खूश असतात. हे मूळचे पावसाळी जंगलांतल्या ओढ्यांचे, नाहीतर संथ, झाडोऱ्याच्या पाण्यातले. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल तजेलदार दिसतात. मऊ पाण्यात मॉली ठेवली की काही आठवड्यांत ती पंख आवळून जागच्या जागी डुलायला लागते. औषधं घालून ते थांबत नाही, कारण तो आजार नसून पाण्याची तक्रार असते. बोअरच्या पाण्यात निऑन ठेवला तर एकेक करून कमी होत जातो.

म्हणजे मॉली आणि निऑन एकाच टँकमध्ये ठेवणं हे कोणा एकाला कायम त्रासात ठेवणं. दोघंही शांत, दोघंही लहान, कोणी कोणाला चावत नाही, तरीही जमत नाही. दुकानातल्या टँकमध्ये ते एकत्र दिसतात, कारण तिथे त्यांना आठवडाभरच काढायचा असतो.

पाण्याचा स्वभाव औषधं घालून बदलत बसू नका. आरओचं पाणी नुसतंच भरू नका, त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात. बोअरवाल्यांनी गप्पी-प्लॅटी घ्यावेत आणि सुखी राहावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र दोन्हीकडे काढावं लागतं. बादली २४ तास उघडी ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका.

तापमानाचंही असंच. पुण्याच्या थंडीत रात्री टँकचं पाणी १९–२० अंशांवर उतरतं. एवढ्या टँकला ५० वॅटचा हीटर पुरतो, २५ अंशांवर लावून ठेवला की झालं. उन्हाळ्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेमध्ये पाणी ३१–३२ पर्यंत जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. निऑन हा गारव्यातला मासा, २५–२६ च्या पुढे त्याला नको होतं. कार्डिनल त्याच्यासारखाच दिसतो, लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण असतो, आणि उष्णता जास्त सोसतो. थोडा महाग आहे, पण आपल्या हवेला तोच बरा. विदर्भ-मराठवाड्यात तर निऑनचा नादच सोडावा. उन्हाळ्यात टँकचं झाकण काढून वर जाळी घालावी आणि पाण्यावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, उडालेलं पाणी तेवढं भरत राहायचं. बर्फाच्या बाटल्या टाकू नका. तासाभरात तापमान वर-खाली झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा आजार उचल खातो.

दुकानात दोन इंच, घरात दीड फूट

दुकानात दिसतात ती बहुतेक पिल्लं असतात. काचेला चिकटून शेवाळ खाणारा दोन इंची सकर फूटभराच्या वर जातो, दीड फुटापर्यंतही. शेवाळही तो लहानपणीच खातो, मोठा झाल्यावर तुमचं खाणं खातो आणि त्याच्या दुप्पट घाण करतो. सिल्व्हर शार्क फूटभर होतो. टिनफॉइल बार्बही तसाच. "किसिंग गोरामी" म्हणून जो गुलाबी मासा देतात तो फूटभर. आणि "अल्बिनो शार्क", "ब्लॅक शार्क" म्हणून जे चकचकीत पिल्लू मिळतं, तो पंगास. त्याचंच मांस आपल्याकडच्या हॉटेलांत बासा म्हणून ताटात येतं. तो मीटरभराच्याही पुढे वाढू शकतो. तो काचेवर धडका मारतो म्हणून काही जण त्याला "खेळकर" म्हणतात. घाबरट मासा आहे तो, त्याला पळायला जागा हवी असते.

गोल्डफिशबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण वास्तू सांगणाऱ्यांनी त्याचा पार खेळखंडोबा केला आहे. आठ सोनेरी, एक काळा, ईशान्येला ठेवा. एका काकूंनी मला स्पष्ट सांगितलं, "मासे मेले तरी चालतील, नऊचे आठ होता कामा नयेत." गोल्डफिश गार पाण्यातला, सहा-आठ इंच होणारा, खूप खाणारा आणि तेवढीच घाण करणारा मासा आहे. दोन फुटी टँकमध्ये एकही नीट जगत नाही, नऊ तर विचारूच नका. त्यात निऑनसारखा चिमुकला मासा सोडला तर मोठा गोल्डफिश तो गिळतो. गोल्डफिश हवाच असेल तर तीन-चार फुटी टँक घ्या, त्यात दुसरं काही ठेवू नका.

एंजल हा दुसरा फसवा मासा. रुपयाच्या नाण्याएवढा असताना देखणा आणि गरीब. वर्षभरात पंखांसकट वीतभर उंच होतो, म्हणजे बारा इंच उंचीच्या टँकमध्ये वळायलाही अडचण. आणि मोठ्या एंजलच्या तोंडात निऑन बसतो. यात क्रूरपणा वगैरे काही नाही, तोंडात बसेल ते खाद्य, हा माशांचा साधा नियम आहे. कोणताही मासा निवडताना त्याच्या डोळ्यांपेक्षा तोंड किती मोठं आहे ते बघा.

डेनिसन बार्बचं नाव इथे मुद्दाम घेते, कारण पश्चिम घाटातला मासा म्हणून अनेकांना ओढ वाटते. लाल-काळा पट्टा, अतिशय देखणा. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतला. २०१३ साली त्याच्यासाठी जी नवी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापन झाली तिचं नाव "सह्याद्रिया" ठेवलं गेलं, आणि ते करणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. पण तो पाच-सहा इंच होतो, थव्याने वाहत्या पाण्यात पळतो, आणि जंगली अवस्थेत धोक्यात आलेला आहे. चार फुटी टँक असेल तर मत्स्यशेतीत वाढवलेले आहेत का विचारून घ्या. दोन फुटीत नको.

स्वभाव

टायगर बार्ब आणि एंजल एकत्र ठेवलेला टँक दहा मिनिटं बसून बघा. एंजलच्या पोटाखाली दोन लांब दोऱ्यासारखे पंख असतात. बार्ब समोरून हल्ला करत नाही. तो मागून तिरका येतो, दोऱ्याचं टोक खुडतो आणि परत घोळक्यात मिसळतो. एंजल वळेपर्यंत दुसरा येतो. आठवड्यात दोऱ्यांची खुंटं राहतात, मग शेपटीच्या कडा, मग त्या जखमांवर बुरशीचा कापूस. मालक बुरशीचं औषध आणतो. औषधाचा काही उपयोग नसतो, कारण बार्ब तिथेच असतात.

असे खुडणारे मासे ओळखून ठेवा. टायगर बार्ब, सर्पे टेट्रा आणि थोडा कमी पण ब्लॅक विडो. यांना लांब शेपटीचा, हळू चालणारा शेजारी देऊ नये, म्हणजे गप्पी, फायटर, एंजल, गोरामी यांतलं कोणीही नको. टायगर बार्ब आवडत असतील तर आठ-दहा जणांचा नुसता त्यांचाच टँक करा. सगळी मस्ती आपापसात होते आणि बघायलाही मजा येते. विडोचे गुलाबी, निळे, हिरवे मासे दिसले तर घेऊ नका. तो मासा काळा-चंदेरी असतो, ते रंग बहुधा चढवलेले असतात, काही महिन्यांत उतरतात आणि त्या प्रकारात मासा अर्धमेला होतो. गिऱ्हाईकच नसेल तर दुकानदार ते ठेवणार नाही.

फायटरबद्दल अर्धवट माहितीच जास्त पसरलेली आहे. दोन नर एकत्र नकोत, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो लांब रंगीत शेपटीच्या नर गप्पीलाही दुसरा फायटर समजून गलफडं फुलवतो. गोरामीशीही त्याचं जमत नाही, दोघेही पृष्ठभागावरची हवा घेणारे, एकाच कुळातले आणि एकाच जागेचे दावेदार. तळाशी राहणारे कॉरिडोरस किंवा शांत रासबोरांचा थवा त्याला चालतो. टँकमध्ये एकच फायटर ठेवायचा, आणि बाकी कोणी भडक शेपटीचं नको.

गोरामीत ब्लू गोरामी मोठा होतो आणि दादागिरी करतो. लहान टँकसाठी हनी गोरामी बघा. मधाच्या रंगाचा, दोन इंचाचा, लाजरा. ड्वार्फ गोरामी त्याहून चमकदार, पण नर आपापसात भांडतात, म्हणून तोही एकच. हे दोन्ही आपल्याच देशाच्या पूर्व भागातले. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद केली त्यात हे दोघेही आहेत, झेब्रा आणि रोझी बार्बही आहेत. दुकानात "इम्पोर्टेड" म्हणून ज्यांचा भाव सांगतात त्यातले काही असे बिहार-बंगालचे असतात.

माझ्या तीन ठरलेल्या जुळण्या

पाण्याचे तीन मजले धरा: वरचा, मधला, तळ. प्रत्येक मजल्यावर एक जात असली की टँक भरलेला दिसतो आणि कोणी कोणाच्या वाटेत येत नाही.

मऊ पाणी असेल तर मध्ये आठ कार्डिनल, तळाला सहा कॉरिडोरस, वर एक हनी गोरामी. टँक यात पूर्ण भरला, पुढे काही नाही. कॉरिडोरसला तळाला बारीक वाळू लागते, धारदार खड्यांत त्याच्या मिशा झिजून जातात. उन्हाळ्याची भीती असेल तर कॉरिडोरसमध्ये ठिपक्याठिपक्यांचा, नारिंगी पंखांचा स्टर्बाय शोधा, तो उष्णता चांगली सोसतो. आणि त्याला टँकची घाण साफ करणारा समजू नका. त्याच्यासाठी बुडणारी गोळी रात्री लाइट बंद केल्यावर टाकावी, नाहीतर वरचे सगळं फस्त करतात. अधूनमधून तो झपकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन येतो. त्याला घाबरू नका, त्याची ती सवयच आहे. सगळेच सारखे वर जायला लागले तर मात्र पाणी तपासा.

जड पाणी असेल तर आठ नर गप्पी आणि तीन प्लॅटी, त्यात एक नर. प्लॅटीची पिल्लं होतीलच, थोडी गर्द झाडं ठेवली तर दोन-चार वाचतात, बाकीची मोठेच खातात. नको असतील तर प्लॅटीही सगळे नर घ्या. काचेवरच्या शेवाळासाठी सकरऐवजी दोन-तीन नेराइट गोगलगाई. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं होत नाहीत, हा मोठाच फायदा. जड पाण्यात त्यांचं कवचही टिकतं. गप्पींवर कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. डासांच्या अळ्या खायला महापालिका जो मासा हौदात सोडते तो हाच, आणि त्याच्याइतका सोशीक मासा दुसरा नाही. एवढंच की भडक रंगाच्या, भल्यामोठ्या शेपटीच्या "फॅन्सी" जाती नाजूक झाल्या आहेत. मध्यम शेपटीचे घ्या.

हीटरची कटकट नको असेल तर आठ झेब्रा आणि सहा चेरी बार्ब. झेब्रा वरच्या थरात दिवसभर शर्यत लावतात, १८–२० अंशांतही कुरकुर करत नाहीत. चेरी बार्ब श्रीलंकेचा, नावाला बार्ब, पण स्वभावाने गरीब. नर पिकलेल्या करवंदासारखा गडद लाल होतो, तोही माद्या भोवती असल्या की. या टँकला लांबी महत्त्वाची, उंची नाही. झाकण मात्र घट्ट हवं, झेब्रा उडी मारतात. या जुळणीत लांब शेपटीचे गप्पी घुसडू नका, झेब्राच्या धावपळीत ते बेजार होतात. पाणी कोणतंही असो, ही जुळणी दोन्हीकडे चालते, म्हणून पहिल्यांदा टँक लावणाऱ्याला मी हीच देते.

इंचाला गॅलन, म्हणजे माशाच्या एका इंचाला पावणेचार लिटर पाणी, असा एक हिशेब सांगतात. लहान, सडपातळ माशांना तो ढोबळमानाने चालतो. पण सहा इंची गोल्डफिश म्हणजे सहा निऑन नव्हेत. त्या हिशेबावर विसंबू नका.

दुकानात

मासे घ्यायला सुट्टीच्या गर्दीत जाऊ नका, दुकानदाराला वेळ असेल तेव्हा जा. एका टँकपाशी पाच मिनिटं उभं राहा. तिथे एक जरी मेलेला मासा तरंगत असेल तर त्या टँकमधून काहीही घेऊ नका, शेजारचा ठणठणीत दिसला तरी. पंख उघडे आहेत का, अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके आहेत का, पोट आत गेलंय का, कोणी खड्यांवर अंग घासतंय का, एवढं बघा. मग विनंती करा, "थोडं खाणं टाकून दाखवता का?" जो खात नाही तो घ्यायचा नाही. माल कधी आला तेही विचारा. आजच आलेला असेल तर पैसे देऊन ठेवा आणि आठवड्याने न्या. प्रवासाच्या धक्क्याने मरायचे ते तोवर तिथेच मरतात.

पण त्याच्याही आधी टँक तयार हवा. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू, आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू, फिल्टरच्या स्पंजवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाकत राहा. कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा, काम बरंच लवकर होतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे. बोअरवाल्यांनी याबाबत जास्त कडक राहावं, कारण पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी. फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

सगळे मासे एका दिवशी सोडू नका. आधी थव्याचे, सोशीक मासे. दोन आठवड्यांनी तळाचे. गोरामी किंवा फायटर सगळ्यात शेवटी. पाहुण्यांत जो आधी येतो तो खिडकीची जागा धरतो, तसं या दोघांचं आहे. आधी सोडलं की अख्खा टँक आपला समजून बसतात.

दोन-तीन आठवडे नवे मासे वेगळ्या टबमध्ये, स्पंज फिल्टर लावून ठेवता आले तर फार बरं. पंधरा-वीस लिटरचा प्लास्टिकचा टब पुरतो. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तिच्यात थोडं थोडं तुमचं पाणी घालत अर्धा तास काढा. मासे जाळीने सोडा. दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

सोडल्यानंतर

पहिला आठवडा लाइट कमी वेळ लावा आणि खाणं टाकताना बघत बसा. दुसऱ्या कशाहीपेक्षा खाण्याच्या वेळी खरं चित्र दिसतं. कोण कोणाला हाकलतंय, कोणाच्या वाट्याला काही येतच नाही, कोण एकाच कोपऱ्यात आहे. रात्री लाइट बंद केल्यावर तासाभराने टॉर्च मारून बघा, काही भांडणं तेव्हाच होतात. शेपटीला एखादी चीर पडली तर धीर धरा. रोज नवी चीर दिसली तर कोणीतरी एक बाहेर जायला हवा, आणि मार खाणारा काढून उपयोग नसतो, मारणारा काढा. नाहीतर तो पुढचं गिऱ्हाईक शोधतो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, म्हणजे दहा-बारा लिटर.

काढलेला मासा कुठे द्यायचा हे आधीच ठरवा. ओळखीचा दुकानदार फुकट घेतला तर घेतो, पैसे मागू नका. शाळेत, दवाखान्यात मोठा टँक असेल तर विचारा. नदीत, तलावात, विहिरीत सोडायचा नाही. मुठा नदीचं पाणी भीमेला आणि तिथून उजनी धरणात जातं. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतो. त्याचे काटे जाळी फाडतात, त्याला बाजारात भाव नाही, आणि एकदा शिरला की तो तिथून निघत नाही. तुमच्याकडे आत्ता सकर असेल आणि तो वीतभर झाला असेल, तर या आठवड्यातच फोन करायला लागा. दीड फुटाचा झाल्यावर त्याला कोणी घेत नाही.